मेसचं खरकटं, आवारातला पाला आणि विद्यार्थी परिषदेचं एक वर्ष

पाच जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांना सुट्टी असते. वसतिगृह रिकामं, मेस बंद, आदल्या वर्षीच्या विद्यार्थी परिषदेची मुदत संपलेली. तरी त्या दिवशी रोपं लावली जातात, फोटो निघतात, आणि पुण्यात पावसानं नीट जोर धरेपर्यंत त्यातली बरीचशी वाळून जातात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नवी परिषद बसते. ती पुन्हा शून्यापासून सुरुवात करते, डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनात बुडते आणि मार्चमध्ये परीक्षेला पळते. महाविद्यालयातलं पर्यावरणाचं काम टिकत नाही ते मुलांना आस्था नसते म्हणून नव्हे. झाडांचं, मेसचं आणि परिषदेचं वेळापत्रक एकमेकांशी जुळत नाही, म्हणून ते मोडतं. ही तिन्ही वेळापत्रकं जुळवून वसतिगृहाच्या मेसमधला ओला कचरा आवारातच कसा जिरवला, त्याची ही हकिगत. आमचं महाविद्यालय पुण्यातलं, मेस अडीचशे मुलामुलींची. ज्यांना हे करायचं आहे त्यांना आकडे आणि कृती जशीच्या तशी उचलता यावी, एवढ्यासाठी सविस्तर लिहितो आहोत.

आधी कागदाचं, कारण खताच्या टाकीची पहिली वीट कार्यालयात लागते. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं बंद झाल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाच्या कलम ९९नं निवडणुका परत आणल्या, २०१९मध्ये वेळापत्रकही लागलं, पण ते पुढं ढकललं गेलं. परिषद निवडून आलेली असो वा नेमलेली, तिच्या हातात एक गोष्ट असते आणि ती फार कमी जणांना माहीत असते. त्याच कायद्याच्या कलम ९७प्रमाणे महाविद्यालय विकास समितीवर परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात. ही समिती वर्षातून निदान चार वेळा बसते आणि महाविद्यालयाचं अंदाजपत्रक तिच्यासमोर येतं. म्हणजे प्राचार्यांच्या केबिनबाहेर निवेदन घेऊन उभं राहायची गरज नाही. विषयपत्रिकेत विषय घालून घ्यायचा, ठराव करून घ्यायचा आणि इतिवृत्ताची प्रत मागून घ्यायची. तोंडी मिळालेली परवानगी प्राचार्य बदलले की संपते. ठराव मात्र दप्तरात राहतो.

प्रस्ताव एक पानाचा असावा. त्यात जागा, खर्च, रोजचं काम कोण करणार, आणि सुट्टीत कोण करणार, या चारच गोष्टी. सोबत नियमाचा आधार जोडायचा. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारातल्या संस्थांवर ओल्या कचऱ्याची शक्यतो आवारातच विल्हेवाट लावायची जबाबदारी टाकली होती (एप्रिल २०२६पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली आहे). पालापाचोळा जाळण्याबाबतही राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६चा आदेश आहे: उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार रुपये, मोठ्या प्रमाणात जाळला तर पंचवीस हजार रुपये दंड. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात पहाटे पाला पेटवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, तिला हा परिच्छेद पुरतो. प्रस्ताव कार्यालयात देताना आवक क्रमांक आणि शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्यायचा. हे न केल्यानं पत्रं ‘सापडत नाहीत’.

प्रस्तावाआधी कचरा मोजावा लागतो. हे मोजमाप सलग सात दिवस करायचं, कारण मेसचा आठवडा सारखा नसतो. रविवारी मेजवानी असते आणि रात्रीचं जेवण बंद, एकादशीला साबुदाणा, तर शनिवारी निम्मी मुलं गावी गेलेली असतात. सण, परीक्षा आणि स्नेहसंमेलनाचे आठवडे टाळायचे. सामान थोडकंच लागतं: पन्नास किलोपर्यंतचा काटा, बारा बाय बाराची ताडपत्री, झाकणाचे पाच ड्रम, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, मास्क, वही. काटा पावसात ठेवू नये आणि रोज सकाळी पाच किलोचं माप ठेवून तपासावा. भिजलेला काटा हळूहळू खोटं बोलायला लागतो आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

ओल्या कचऱ्याचे तीन भाग वेगळे मोजले पाहिजेत. भाजी निवडल्यावरची देठं-साली हा पहिला. भांड्यात उरलेलं, पण ताटात न वाढलेलं अन्न हा दुसरा. ताटातलं खरकटं हा तिसरा. तिन्हींचं मिळून एकच वजन केलं तर आकडा मोठा दिसतो, पण त्याचा उपयोग काहीच होत नाही, कारण तिन्हींची कारणं वेगळी आहेत. साली कमी होणार नाहीत, त्या खतातच जाणार. भांड्यातलं उरलं याचा अर्थ स्वयंपाकघराचा अंदाज चुकतोय, आणि त्यावर उपाय म्हणजे रात्री किती जण जेवणार ते दुपारी तीनपर्यंत कळवायची सोय. ताटातलं उरलं तर वाढण्याची पद्धत किंवा पदार्थ चुकतोय. चहाचा चोथा आणि अंड्याची टरफलं देठांबरोबर मोजली तरी चालतात. सॅनिटरी कचरा उघडायचा नाही. तो कागदात गुंडाळून लाल ठिपका लावलेला असेल तर पिशवीसकट वजन करून बाजूला ठेवायचा. पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेनं या लाल ठिपक्याचा आग्रह धरला, आणि मुलींच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट हीच असली पाहिजे.

अडीचशे जणांच्या मेसचं गणित साधारण असं बसतं. माणशी चाळीस ग्रॅम खरकटं धरलं तर एका जेवणाला दहा किलो, दोन जेवणांना वीस. त्यात देठं-साली आणि चोथा मिळून दहाएक किलो. म्हणजे दिवसाला तीस किलो ओला कचरा. पुढचं सगळं माप या तीस किलोंवर आहे. तुमचा आकडा वेगळा असेल तर त्या पटीत वाढवा-घटवा.

आता टाकी. बाजारात बंद यंत्रं मिळतात, चोवीस तासांत खत देण्याचा दावा करतात. ती विजेवर कचरा गरम करून वाळवतात. बाहेर पडणारी भुकटी पाणी लागलं की पुन्हा कुजायला लागते, तेव्हा तिला खत म्हणता येत नाही. यंत्र बिघडलं की दुरुस्तीचा खर्च परिषदेच्या आवाक्याबाहेर जातो. आमचा कौल विटांच्या टाकीला. तिचा नमुना महाराष्ट्रातलाच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शेतकऱ्यांसाठी तो बसवला आणि त्यांच्याच आद्याक्षरांवरून त्याला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. नऊ इंची भिंत, आणि दर दोन थरांनंतर तिसऱ्या थरात विटा सोडून ठेवलेली भोकं. या भोकांतून हवा खेळते, म्हणून ढीग उलथापालथ न करताही कुजतो.

मूळ नाडेप एकदम भरून शेण-मातीनं लिंपून टाकायची असते. मेसचा कचरा रोज येतो, त्यामुळं तीन बदल करावे लागतात. एक, समोरच्या भिंतीचा मधला तीन फुटांचा भाग मोकळा ठेवून तिथं खाचेत सरकणाऱ्या फळ्या बसवायच्या, म्हणजे फावडं घेऊन आत जाता येतं. दोन, भोकांना बाहेरून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. कोंबड्यांची पातळ जाळी उंदीर कुरतडून टाकतात. तीन, वर पत्रा, आणि तोही भिंतीच्या बाहेर दीड फूट आलेला. पावसाचं पाणी वरून कमी पडतं, ओसरीसारखं बाजूनं जास्त शिरतं. तळाला सिमेंटचा कोबा करू नये, मातीच ठेवावी. पाणी जिरतं आणि गांडुळं खालून आपणहून येतात. विहीर किंवा कूपनलिका जवळ असेल तर मात्र ही जागा नको.

टाक्या तीन लागतात. तीस किलो ओला कचरा म्हणजे अंदाजे साठ लिटर, त्यावर दुप्पट घनफळाचा पाला, म्हणजे रोज एकशे ऐंशी लिटर. एका टाकीत पाच हजार लिटर मावतं. हिशेबानं ती महिन्याभरात भरायला हवी, पण खालचा थर खचत जातो, त्यामुळं दीड महिना पुरते. पहिली भरली की दुसरी, मग तिसरी. तिसरी भरेपर्यंत पहिलीला तीन महिने मिळतात आणि तेवढ्यात खत तयार होतं. दोन टाक्यांवर भागवायला गेलं की अर्धकच्चं खत काढावं लागतं. त्याला वास येतो, बागकाम करणारे काका ते घ्यायला नकार देतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

खरी गोम पाल्यात आहे. कुजण्यासाठी कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण साधारण पंचवीस-तीसास एक लागतं. मेसच्या कचऱ्यात ते वीसाच्या आत असतं, वाळक्या पाल्यात पन्नासच्या पुढं. म्हणून एक बादली ओल्याला दोन बादल्या पाला. वजनात तीस किलोला आठ-नऊ किलो. दाबून भरलेल्या पोत्यात सात-आठ किलो पाला बसतो, म्हणजे रोज एक पोतं आणि वर थोडा. मेस दहा महिने चालते, तेव्हा वर्षाला तीनशेच्या वर पोती. आणि पाला कधी पडतो? फेब्रुवारी ते एप्रिल. मेस जोरात चालते जुलै ते मार्च. ज्या महिन्यांत पाला गोळा करायचा, त्या महिन्यांत परिषद परीक्षेला बसलेली असते. आवारातले असे बहुतेक प्रकल्प पहिल्याच पावसाळ्यात मरतात ते यामुळंच. जुलैत ओला कचरा येत राहतो, पाला संपतो, टाकी चिखल होते, वास वसतिगृहापर्यंत जातो आणि एका पत्रानं सगळं बंद पडतं.

म्हणून टाकीच्या आधी पाल्याची कोठी बांधायची. तेरा फूट बाय सोळा फूट, पाच फूट उंचीपर्यंत भरली तर तीनशे पोती मावतात. चार लोखंडी खांब, भोवती जाळी, वर पत्रा, खाली विटांवर बांबू म्हणजे तळाचा पाला भिजत नाही. पाला बारीक करायचं यंत्र भाड्यानं मिळालं तर जागा निम्मी लागते आणि खतही लवकर होतं. आवारातली झाडं ओळखून पाला निवडावा. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, करंज, कडुनिंब यांचा पाला बारीक किंवा पातळ, लवकर जिरतो. आंबा, फणस, वड यांची पानं जाड आणि चिवट असतात, ती बारीक केल्याशिवाय टाकली तर तीन महिन्यांनीही पान ओळखू येतं. निलगिरीचा पाला वेगळा ठेवावा, तो फार सावकाश कुजतो. गुलमोहराच्या शेंगा, नारळाच्या करवंट्या, काटक्या या फक्त तळाच्या थराला. झाडलोटीत आलेला पाला चाळून घ्यावा लागतो. त्यात गुटख्याच्या पुड्या, स्ट्रॉ आणि पेनची टोपणं असतात, आणि ती एकदा टाकीत गेली की खतातून वेचताना नको जीव होतो.

रोजचं काम चाळीस मिनिटांचं आहे आणि ते स्वयंपाकघराच्या दारापासून सुरू होतं. तिथं, जिथं मुलं ताट खरवडतात, सगळं यश-अपयश ठरतं. नेहमीच्या मेसमध्ये एकच निळा ड्रम असतो. त्यात आमटी, भात, पोळी, टिश्यूपेपर, लिंबाची फोड, लोणच्याची पुडी, सगळं एकत्र. आम्ही तिथं काय मांडलं ते सांगतो. उंच बाकावर स्टीलची मोठी जाळीदार चाळण, तिच्याखाली बादली. ताट चाळणीत झटकायचं. आमटी-कढी-ताक खाली गळून जातं, घट्ट तेवढं वर राहतं. शेजारी कागदासाठी छोटा डबा, त्याला वर फक्त मुठीएवढं भोक, म्हणजे कुणी घाईत अन्न टाकू शकत नाही. खालच्या बादलीतलं पातळ मोरीत जातं, पण मोरीला तेलाचा सापळा असायला हवा, नाहीतर नळ्या तुंबतात. ही चाळण नसेल तर टाकीत जाणाऱ्या मालात पाणी साठ टक्क्यांच्या वर जातं आणि मग कितीही पाला घाला, तो पुरत नाही. टाकीला वास आला की बहुतेक जण जिवाणूंचं महागडं द्रावण विकत आणतात. वासाचं मूळ मेसच्या मोरीशी असतं.

संध्याकाळी टाकीवर. अगदी तळाला एकदाच सहा इंच काटक्या-करवंट्या. मग रोज आधी पाला, त्यावर ओला कचरा दोन-तीन इंच जाडीनं पसरून. ढीग घालायचा नाही. पोळ्यांचे गठ्ठे फोडायचे, भाताचे गोळे दाताळ्यानं मोडायचे, कारण गोळ्याच्या आत हवा जात नाही आणि तो आंबतो. वर दोन घमेली जुनं तयार खत, विरजणासारखं. सुरुवातीला जुनं खत नसतं, तेव्हा शेणाचं पाणी चालतं. शेवटी पुन्हा पाला, अन्नाचा एक कणही दिसणार नाही इतका. हा शेवटचा थर आळसानं पातळ राहिला की उंदीर आणि कावळे येणारच. आठवड्यातून एकदा वरचा फूटभर थर दाताळ्यानं हलवायचा. हाडं, मोठ्या प्रमाणातलं तेल आणि तळणीचा गाळ टाकीत नको.

ओल मुठीनं तपासायची. ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर माल काढायचा आणि घट्ट दाबायचा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले तर बरोबर. धार लागली तर पाला वाढवायचा, मूठ उघडल्यावर गोळा भुगा होऊन सांडला तर झारीनं पाणी. उष्णतेसाठी लोखंडी सळई मधोमध पाच-दहा मिनिटं खुपसून ठेवायची. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर आत पंचावन्न अंशांच्या आसपास आहे. असं तीन दिवस राहिलं म्हणजे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. नुसतं कोमट असेल तर बहुधा कचरा फार पातळ पसरतोय किंवा ढीग कोरडा आहे.

वासावरून निदान होतं, आणि ते प्रत्येक पाळीच्या मुलांना यायला हवं. अमोनियाचा, नाकात झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त, पाला कमी. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी: पाला घालून खालवर करा, दोन दिवसांत जातो. आंबूस वास म्हणजे भाताचे गोळे. मुंग्या दिसल्या तर ढीग कोरडा पडलाय. चपट्या, करड्या-तपकिरी, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या वळवळताना दिसल्या की मुलं घाबरतात आणि कुणीतरी कीटकनाशक आणतो. त्याला आधीच थांबवा. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात, अन्न भराभर फस्त करतात, त्यांच्यामुळं रोग पसरत नाहीत आणि ती माशी जेवणावर बसायला येत नाही. फवारणी केली तर त्यांच्याबरोबर खत करणारं सगळंच मरतं. ओल कमी केली की त्या आपोआप कमी होतात.

तयार खत मूळ मालाच्या वजनाच्या पाव-पंचमांश निघतं. काळपट, भुसभुशीत, पहिल्या पावसासारख्या मातीच्या वासाचं. खात्री करायला मूठभर ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस ठेवावं. उघडल्यावर दुर्गंधी आली तर आणखी पंधरा दिवस थांबा. शिवाय मेथीचे दाणे पेरून पाहावेत, पिवळे पडले किंवा उगवलेच नाहीत तर खत कच्चं आहे. मेसच्या खतात मीठ असतं, म्हणून ते कुंडीत निव्वळ वापरू नये. एक भाग खत, तीन भाग माती. झाडांच्या आळ्यात मात्र थेट घातलं तरी चालतं.

माणसांची बाजू यापेक्षा अवघड आहे. सफाई कामगार मावशींवर वर्गीकरण ढकलून ‘जनजागृती’ करणारे उपक्रम आम्हाला मान्य नाहीत. त्यांचे तास ठरलेले असतात, पगार कंत्राटदाराकडून येतो, आणि जास्तीचं काम तोंडी सांगितलं जातं. शिवाय एक गोष्ट कार्यालयात कुणी बोलत नाही: दुधाच्या पिशव्या, पुठ्ठे, रद्दी आणि बाटल्या विकून येणारे पैसे ही त्यांची रोजच्या संसारातली भर असते. परिषदेनं ‘सुका कचरा संकलन मोहीम’ काढली आणि तो भंगारात विकून निधी जमवला, की त्यांच्या ताटातलं काढून घेतलं जातं. मग ओल्या कचऱ्यात मुद्दाम प्लास्टिक येऊ लागलं तर नवल नाही. आधी त्यांच्याशी बसून ठरवलं: सुका माल त्यांचाच, तो स्वच्छ आणि वेगळा मिळेल याची जबाबदारी मुलांची. स्वच्छ पिशवीला भाव जास्त येतो, त्यामुळं वर्गीकरणावर त्यांचंच लक्ष राहतं. पुण्याला तर ही गोष्ट शिकायला दूर जायला नको. १९९३मध्ये स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या इथल्या प्रौढ शिक्षणाच्या कामातूनच उभी राहिली, आणि पुढं तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. विद्यापीठानं कचऱ्याकडं बघताना आधी माणसाकडं बघितलं, तेव्हा हे घडलं.

टाकीवरच्या कामाला मुलांची हजेरी टिकवायची तर ते काम कशात तरी धरलं गेलं पाहिजे. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत दोनशे चाळीस तास भरायचे असतात. कार्यक्रम अधिकारी सरांशी बोलून टाकीवरची पाळी या तासांत धरून घेतली की स्वयंसेवकांचा प्रश्न मिटतो. कमवा आणि शिका योजना असेल तर चाळणी, पाला भरणं आणि वजनाची नोंद ही कामं त्यात बसतात. हाच मार्ग आम्हाला सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण त्यातला मुलगा परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही येतो.

जागृतीसाठी भित्तिपत्रकं, घोषवाक्य स्पर्धा, पथनाट्य सगळं होतं आणि व्हावंही. पण ताटातलं खरकटं ज्यानं कमी होतं ती वस्तू म्हणजे मेसच्या दारातला खडूचा फळा. त्यावर रोज तीनच आकडे: काल जेवले किती, खरकटं किती किलो, माणशी किती ग्रॅम. कुणाचं नाव नाही, कुणाला टोमणा नाही. फळा ताट घेण्याच्या जागी हवा. बाहेर पडताना वाचून काय उपयोग? परिषदेचं वार्तापत्रही याच फळ्याला जोडलं: ठराव कुठवर आला, कोठीत पोती किती उरली, पुढची बैठक कधी. आकडे मेस समितीच्या बैठकीत ठेवले की वाद थांबतो. भात एकदम डावभर वाढण्याऐवजी छोटा डाव ठेवावा, नको असलेली भाजी वाढण्याआधी चवीला चमचाभर मागता यावी, ज्या भाजीच्या दिवशी आकडा उडी मारतो ती बदलावी, हे बदल मेसच्या मामांनी मान्य केले ते आकड्यामुळं. उपदेशानं ते झाले नसते.

परिषदेनं स्वतःच्या कार्यक्रमांनाही हाच नियम लावावा. वर्षातला सर्वांत जास्त कचरा स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात होतो. कापडी फलकावर साल आणि प्रमुख पाहुण्यांचं नाव घालू नका, नाव लिहायला खाली खडूची पट्टी ठेवा, तोच फलक पाच वर्षं चालतो. निवडणुका झाल्या तर लिंगडोह समितीच्या २००६च्या शिफारशींनुसार प्रचाराला छापील पत्रकं चालत नाहीत, फक्त हातानं बनवलेली. ही अट पुढच्या सगळ्या कार्यक्रमांना लावायला कुणाची हरकत नसावी. चहाच्या कागदी पेल्यांना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, ते टाकीत जात नाहीत. गणपतीतलं निर्माल्य मात्र चांगलं जिरतं, हाराचे दोरे, जरी आणि थर्मोकोल काढून टाकले तर.

आता हस्तांतर. यासाठी वेगळी समिती नको, एक फाइल आणि दोन माणसं पुरतात. फाइलमध्ये ठरावाची प्रत, वजनांचं रजिस्टर, टाकी आणि कोठीच्या किल्ल्यांची नोंद, मेसच्या कराराची प्रत, आणि महिनावार कामाचा तक्ता. माणसं म्हणजे एक कायमस्वरूपी प्राध्यापक आणि दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी, ज्याला जानेवारीपासूनच सोबत घेतलं आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलाकडं किल्ली ठेवली तर एप्रिलमध्ये ती त्याच्यासोबत गावाला जाते.

तक्त्यातले कळीचे महिने असे. फेब्रुवारीत कोठी रिकामी करून साफ करायची आणि पाला भरायला सुरुवात. झाडलोट करणाऱ्यांना पोती आधी देऊन ठेवायची, कारण पोतं हाताशी नसेल तर काडी पेटते. मार्चअखेर दोनशे पोती झाली नाहीत तर शेजारच्या सोसायट्यांकडून मागून घ्यायची, त्या आनंदानं देतात. मेस बंद झाली की चालू टाकीवर फूटभर पाला आणि वर गोणपाट, आठवड्याला एकदा झारीनं पाणी. उन्हाळ्यात वसतिगृहावर राहणाऱ्या चौकीदार काकांशी हे ठरवून त्याचा मोबदला अंदाजपत्रकात धरायचा. मे महिन्यात झाडांसाठी दोन फूट बाय दोन फूट बाय दोन फूट खड्डे घेऊन उन्हात तापू द्यायचे, त्यांत चाळलेलं खत आणि माती भरून ठेवायची. रोपं मात्र जून सरताना, दोन चांगले पाऊस पडून गेल्यावर लावायची. बहावा, करंज, कांचन, कडुनिंब, अर्जुन ही पुण्याच्या मातीत रुळतात. सुबाभूळ आणि गिरिपुष्प नकोत.

आणि मेमध्येच मेसचा नवा करार होतो. निविदा निघण्याआधी त्यात तीन वाक्यं घालून घ्यायची: खरकटं चाळणीतून गाळून देणं, देठं-साली वेगळ्या ड्रममध्ये देणं, आणि या कामासाठी रोज एका कामगाराची चाळीस मिनिटं धरणं. करारावर सही झाल्यानंतर हे मागितलं तर कंत्राटदार जास्तीचे पैसे मागतो. मसुदा एप्रिलच्या विकास समितीच्या बैठकीत यायला हवा, म्हणून अध्यक्ष-सचिवांनी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, परीक्षेच्या धामधुमीतही, विषयाचं पत्र कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्यायचा.